ॲलर्जीची सुरुवात: गर्भापासून उष्टावणापर्यंत

शेंगदाणा, अंडे, दूध, धुळीतले सूक्ष्म किडे किंवा फुलांचा पराग यांत विष नसते. तरीही काही मुलांच्या शरीरातली रोगप्रतिकारक यंत्रणा या निरुपद्रवी गोष्टींना रोगजंतू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. या चुकीच्या ओळखीलाच ॲलर्जी म्हणतात. ही संज्ञा व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली वापरात आणली. तिच्या मुळाशी असलेला रक्तातला घटक हाती लागायला मात्र आणखी साठ वर्षे गेली. अमेरिकेत काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दाम्पत्य आणि स्वीडनमधले संशोधक यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'आयजीई' हे प्रतिपिंड वेगवेगळ्या वाटांनी शोधून काढले. एखाद्या वस्तूविरुद्ध आयजीई तयार झाले की ते त्वचा, श्वासमार्ग आणि आतडी यांतल्या विशिष्ट पेशींवर जाऊन बसते. पुन्हा तीच वस्तू शरीरात आली की या पेशी हिस्टामिन बाहेर टाकतात. मग अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, शिंका सुरू होतात, छाती घरघरते.

लहान मुलांमध्ये ॲलर्जी बहुधा एका ठरावीक क्रमाने पुढे सरकते. पहिल्या काही महिन्यांत गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूंना इसब येतो. वर्षाच्या आसपास अंडे किंवा दूध सोसत नाही असे दिसते. पुढे बाळदमा आणि शाळेच्या वयात सततच्या शिंका व नाक गळणे सुरू होते. प्रत्येक मूल या सगळ्या टप्प्यांतून जाते असे नाही. पण सुरुवात लवकर होते, आणि म्हणूनच गर्भारपण व पहिली दोन वर्षे या काळाकडे संशोधकांचे लक्ष गेले. आईवडिलांना दमा किंवा ॲलर्जी असली तर मुलाला ती होण्याची शक्यता वाढते. मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत अनेक देशांत मुलांमधली ॲलर्जी कितीतरी पटींनी वाढली. माणसाची जनुके इतक्या थोड्या काळात बदलत नाहीत, त्यामुळे या वाढीचे कारण भोवतालात शोधावे लागते.

गर्भ हा अर्धा वडिलांचा, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने अर्धा परका. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून गर्भारपणात आईची प्रतिकारयंत्रणा थोडी वेगळ्या बाजूला झुकते. बाळही त्याच कलाने जन्माला येते, आणि हा कल नेमका ॲलर्जीला पोषक असतो. जन्मानंतर जंतूंशी होणाऱ्या सहवासातून तो हळूहळू सुधारतो, असे आजचे शास्त्र मानते. आईचे आयजीई वार ओलांडून बाळाकडे जात नाही. म्हणजे आईची ॲलर्जी रक्तातून तशीच बाळाच्या अंगात उतरत नाही. उतरते ती प्रवृत्ती. आईने खाल्लेल्या अन्नातल्या प्रथिनांचे अत्यल्प अंश मात्र गर्भजलात आणि पुढे अंगावरच्या दुधात पोहोचतात.

हा अंश बाळाला बिघडवत असेल, या समजुतीने एक मोठी चूक झाली. ज्या घरात ॲलर्जी आहे तिथल्या गर्भवतीने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने शेंगदाणा टाळावा, असा सल्ला १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २००० मध्ये अमेरिकेत दिला गेला. बाळालाही तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे सांगितले गेले. पुराव्याचा आधार तेव्हाही भक्कम नव्हता. दशकभरात दोन्ही देशांनी हा सल्ला मागे घेतला, कारण आईने पथ्य पाळल्याने मुलांमधली ॲलर्जी कमी झाल्याचे कुठेच दिसेना. उलट दूध, अंडी, दाणे वगळल्याने गर्भवतीचे वजन नीट वाढत नाही, हा तोटा मात्र खरा होता.

आपल्याकडे मुलाच्या अंगावर इसब दिसला की घरातले पहिला प्रश्न आईला विचारतात: दिवस गेले होते तेव्हा काय खाल्लंस? या प्रश्नात एका बाईवर विनाकारण दोष टाकला जातो. गर्भारपणात दाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, अंडी खाल्ली, मासे खाल्ले म्हणून मुलाला ॲलर्जी झाली, असे म्हणायला आधार नाही. स्वतः आईलाच एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर तिने तो टाळणे वेगळे.

आहारात काही वाढवून उपयोग होतो का, याच्याही चाचण्या झाल्या आहेत. डेन्मार्कमध्ये गर्भवतींना शेवटच्या तिमाहीत माशाचे तेल मोठ्या मात्रेने दिले गेले. त्यांच्या मुलांपैकी १६.९ टक्क्यांना, तर साधे तेल घेतलेल्यांच्या मुलांपैकी २३.७ टक्क्यांना तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत दमा किंवा सततची घरघर झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या निकालाचे स्वागत झाले, पण लाभ प्रामुख्याने ज्यांच्या रक्तात ही मेदाम्ले आधीच कमी होती अशा स्त्रियांच्या मुलांना झाला होता. 'ड' जीवनसत्त्वाच्या चाचण्यांत तिसऱ्या वर्षापर्यंत थोडा फायदा दिसला आणि सहाव्या वर्षापर्यंत तो विरून गेला. म्हणून ॲलर्जी टाळण्यासाठी गर्भवतीने मुद्दाम गोळ्या घ्याव्यात, असे आज म्हणता येत नाही. डॉक्टरांनी इतर कारणांसाठी दिलेली औषधे घ्यावीतच.

तंबाखूबद्दल मात्र कसलीही शंका उरलेली नाही. निकोटीन वार ओलांडते आणि गर्भाच्या फुप्फुसांची वाढ बिघडवते. धूम्रपान करणाऱ्या आईचे बाळ अरुंद श्वासनलिका घेऊन जन्माला येते आणि पहिल्या वर्षांत त्याला घरघर जास्त होते. घरात दुसरा कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तरी तो धूर गर्भवतीच्या आणि पुढे बाळाच्या छातीत जातो. महाराष्ट्रात बायका सिगारेट क्वचित ओढतात, पण खेड्यापाड्यांत आणि शहरांतल्या वस्त्यांतही भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय आहे. बऱ्याच जणी गरोदरपणातही ती सोडत नाहीत. मिश्रीतले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते. मिश्री लावणाऱ्या आयांची बाळे कमी वजनाची जन्मतात, हे महाराष्ट्रातल्याच अभ्यासांत आढळले आहे. दवाखान्यातल्या तपासणीत 'सिगारेट ओढता का' एवढेच विचारले तर मिश्रीचा पत्ताच लागत नाही. तो प्रश्न वेगळा विचारायला हवा.

प्रसूती कशी होते यालाही महत्त्व आहे. नैसर्गिक प्रसूतीत बाळाला आईच्या योनीमार्गातले आणि आतड्यातले जंतू मिळतात. सिझेरियनमध्ये पहिली भेट त्वचेवरच्या आणि रुग्णालयातल्या जंतूंशी होते. सिझेरियनने जन्मलेल्या मुलांमध्ये दम्याचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त आढळते. ही वाढ एका मुलाच्या दृष्टीने लहान आहे, आणि तिचे सगळे कारण शस्त्रक्रियाच आहे असेही सिद्ध झालेले नाही. आई किंवा बाळाच्या जिवासाठी सिझेरियन गरजेचे असेल तेव्हा ॲलर्जीचा विचार मनात आणू नये. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, महाराष्ट्रात तर सुमारे चारपैकी एक. त्यांतल्या टाळता येण्याजोग्या किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पहिल्या वर्षात दिलेल्या प्रतिजैविकांचाही पुढच्या दम्याशी संबंध दिसतो. इथे गुंता असा की ज्या मुलांना घरघर होते त्यांनाच ही औषधे जास्त दिली जातात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करणे कठीण जाते. साध्या सर्दीला प्रतिजैविक नको, एवढे मात्र नक्की.

यानंतर त्वचेचा विषय येतो, आणि गेल्या वीस वर्षांतली सर्वांत मोलाची समज इथेच मिळाली. त्वचेचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो: पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा सांधा. हा थर घट्ट राहण्यासाठी फिलॅग्रिन नावाचे प्रथिन लागते. त्याच्या जनुकात दोष असलेल्यांना इसब होण्याची शक्यता बरीच जास्त असते, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवले. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेतून पाणी बाहेर जाते आणि अन्नाचे, धुळीचे कण आत शिरतात. अशा वाटेने आलेल्या अन्नाला शरीर शत्रू मानते. तेच अन्न तोंडावाटे आतड्यात गेले तर शरीर ते सोसायला शिकते. लंडनचे डॉ. गिडियन लॅक यांनी मांडलेला हा विचार आता सर्वत्र मान्य होत आहे. ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या अभ्यासात २००३ साली त्यांच्या गटाला आढळले की, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना तान्हेपणी शेंगतेल असलेली मलमे जास्त लावली गेली होती. आईने गर्भारपणात दाणे खाल्ल्याचा मात्र संबंध दिसला नाही. जपानमध्ये तर गव्हाचे प्रथिन घातलेल्या एका साबणाने तोंड धुणाऱ्या दोन हजारांहून जास्त प्रौढांना गव्हाची ॲलर्जी झाली. आयुष्यभर त्यांनी गहू विनात्रास खाल्ला होता.

मराठी घरांत याचा थेट संबंध बाळाच्या अंघोळीशी येतो. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर उताणे घेते, टाळूवर तेल जिरवते, हातपाय चोळते. मग हरभऱ्याच्या किंवा मसुराच्या डाळीचे पीठ दूध-सायीत कालवून अंगाला लावते आणि कढत पाणी घालते. कुठे बदामाचे तेल असते, कुठे खोबरेल. नितळ, निरोगी त्वचेच्या बाळाला या मालिशीने अपाय होतो असे म्हणण्यासारखे काही समोर आलेले नाही, आणि मायेच्या स्पर्शाचे मोल वेगळे सांगायला नको. पण ज्या बाळाच्या गालांवर लाल, खरखरीत, चिघळणारे चट्टे आहेत, त्याच्या त्वचेवर पीठ, दूध, साय किंवा बदामतेल रगडणे थांबवावे. पीठ घासल्याने त्वचेचा थर आणखी निघतो आणि अन्नाची प्रथिने नेमक्या नको त्या वाटेने आत जातात. अशा बाळाला कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, लगेच वासविरहित मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेले मलम हा उपचार आहे. स्टेरॉइडच्या भीतीने आजी-आजोबा ते मलम बाजूला ठेवतात. ठरवून दिलेल्या मात्रेत आणि मुदतीत ते सुरक्षित असते, आणि इसब महिनोन्महिने उघडा ठेवणे त्याहून धोक्याचे. दुसरीकडे, सुदृढ बाळांना जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावून इसब टळतो का, हे ब्रिटनमध्ये सुमारे १४०० बाळांवर तपासले गेले. २०२० मधले उत्तर होते: टळत नाही.

अन्न तोंडावाटे लवकर मिळाले तर शरीर ते स्वीकारते, याचा पहिला धागा एका खाऊने दिला. इस्राएलमधली मुले दात येण्याच्या वयापासून शेंगदाण्याचे कुरकुरीत, तोंडात विरघळणारे 'बाम्बा' खातात. डॉ. लॅक आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या ज्यू मुलांची तेल अवीवमधल्या ज्यू मुलांशी तुलना केली. वंश तोच, पण लंडनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के आणि तेल अवीवमध्ये ०.१७ टक्के. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच धाग्यावरून त्यांनी खरी चाचणीही हाती घेतली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे निवडली. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा शेंगदाण्याचा पदार्थ दिला, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत तो पूर्ण वर्ज्य ठेवला. पाचव्या वर्षी वर्ज्य गटात १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. २०१५ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला आणि जगभरचे सल्ले उलटे झाले. पुढे हीच मुले किशोरवयात पुन्हा तपासली गेली, तेव्हा मधल्या काळात दाणे खाल्ले वा न खाल्ले तरी संरक्षण टिकलेले होते. जपानमध्ये इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोड्या मात्रेने देऊन असाच परिणाम मिळाला. तिथे बाळांच्या इसबावर आधीपासून नीट उपचार केले जात होते, हे विसरता कामा नये.

भारतात पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर वरचे अन्न हाच सल्ला आहे. आईच्या दुधाने प्रत्येक ॲलर्जी टळते असे नाही. बेलारूसमध्ये सतरा हजार माता-बालकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत स्तनपानाला प्रोत्साहन देऊनही साडेसहा वर्षांच्या वयात दमा आणि ॲलर्जी कमी झालेली दिसली नाही. तरी जुलाब, न्यूमोनिया आणि कुपोषण यांपासून या दुधाइतके संरक्षण दुसरे काही देत नाही, त्यामुळे सल्ला बदलण्याचे कारण नाही. उष्टावण झाल्यावर मात्र वरण-भातापुढे न जाता वर्षभर थांबण्यात शहाणपण नाही. दाण्याचा अगदी बारीक कूट पेजेत किंवा मऊ भातात, पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून, गहू, नाचणी, दही, ज्या घरात चालते तिथे काटे काढलेला मासा, हे सगळे एकेक करून पहिल्याच वर्षात यावे. अख्खा शेंगदाणा मात्र पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकून मुले दगावतात, आणि ते ॲलर्जीने नव्हे. ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा एखाद्या पदार्थाने आधीच त्रास झाला आहे, त्याला दाणे-अंडे सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

श्वासावाटे येणाऱ्या गोष्टींत धूर सर्वांत वाईट. चुलीचा, कचरा जाळल्याचा, डासांच्या कॉइलचा, उदबत्तीचा धूर कोंदट खोलीत साठतो आणि बाळाचे श्वासमार्ग सुजवतो. अंघोळीनंतर निखाऱ्यांवर ओवा-वेखंड टाकून बाळाला धुरी देण्याची प्रथा मायेपोटी आली आहे, पण कोवळ्या फुप्फुसांना तिचा उपयोग नाही, त्रासच आहे. ती बंद करावी. घरघरणारे प्रत्येक बाळ दम्याचे नसते, हेही सांगायला हवे. विषाणूंच्या सर्दीने पहिल्या तीन वर्षांत घरघर होणारी बहुतेक मुले शाळेच्या वयापर्यंत मोकळी होतात. अमेरिकेतल्या टूसान शहरात मुलांचा जन्मापासून मागोवा घेऊन हे सिद्ध झाले.

जंतूंच्या सहवासाचा विषय १९८९ मध्ये पुढे आला. संशोधक डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मार्च १९५८ च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. जितकी थोरली भावंडे जास्त, तितका परागाच्या ॲलर्जीचा त्रास कमी. थोरल्यांकडून धाकट्यांना मिळणाऱ्या लहानसहान संसर्गांनी प्रतिकारयंत्रणा वळणावर येत असावी, असा त्यांचा तर्क होता. बर्लिनची भिंत पडल्यावर संशोधक एरिका फॉन म्युटियस यांना वाटले होते की धुराने भरलेल्या पूर्व जर्मनीत दमा जास्त असेल. प्रत्यक्षात परागाची ॲलर्जी आणि दमा पश्चिमेकडच्या संपन्न मुलांमध्ये जास्त निघाले. पुढे आल्प्सच्या पायथ्याच्या शेतकरी कुटुंबांत पाहणी झाली, तेव्हा पहिल्या वर्षातच गोठ्यात वावरलेल्या मुलांमध्ये दमा आणि ॲलर्जी सर्वांत कमी दिसली. आई गर्भारपणी गोठ्यात काम करत असेल तर फरक आणखी ठळक होता.

अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन समाजांची तुलना या सगळ्यात बोलकी आहे. दोन्ही मूळचे मध्य युरोपातले, आहार-विहार जवळपास सारखा, दोन्ही शेतकरी. आमिश घोड्यांनी शेत नांगरतात, घराला लागून गोठा असतो, मुले त्यातच खेळतात. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांवर चालते आणि मुले गोठ्यांपासून दूर असतात. आमिश शाळकरी मुलांत दमा सुमारे ५ टक्के, हटराइटांत २१ टक्के. आमिश घरांतल्या धुळीत जंतूंचे अंश जवळपास सात पट होते, आणि ती धूळ हुंगवलेल्या उंदरांना दम्यासारखा आजार झाला नाही. हटराइटांच्या धुळीने असे संरक्षण मिळाले नाही. याचा अर्थ हात धुणे सोडावे किंवा कच्चे दूध प्यावे असा नाही. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुतल्याने जुलाब टळतात, दूध उकळल्याने क्षय आणि ब्रुसेलोसिस टळतात. मातीत खेळणे, जनावरांच्या आसपास वावरणे, भावंडांत वाढणे हे यापेक्षा वेगळे आहे.

आपल्याकडची स्थिती युरोपासारखी नाही. कर्नाटकात शाळकरी मुलांच्या मोठ्या पाहणीत जवळपास पाचांतल्या एका मुलाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले, पण खरी अन्नाची ॲलर्जी असल्याची शक्यता फक्त ०.१४ टक्के मुलांत होती. रक्तात आयजीई असणे आणि ॲलर्जी असणे यांत एवढे अंतर आहे. तरीही एकदा पुरळ आले म्हणून पन्नास-शंभर पदार्थांची रक्तचाचणी केली जाते, आणि तिच्या कागदावरून दूध, गहू, अंडी, दाणे सगळे एका झटक्यात बंद होते. वाढत्या मुलाचे पोषण तुटते, आणि जे अन्न ते विनात्रास खात होते तेच बंद पडल्याने सहनशक्ती जाऊन नवी ॲलर्जी उभी राहण्याची भीती असते. विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत, आणि दर वेळी, त्रास झाला असेल तरच त्या पदार्थाची चाचणी करावी. मूल जो पदार्थ रोज खाते आणि ज्याने त्याला काही होत नाही, त्याची चाचणी करू नये.

एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळाचे ओठ-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि त्याच वेळी आवाज बसला, श्वास लागला, वारंवार उलट्या झाल्या किंवा ते निपचित पडले, तर लिंबू-पाणी किंवा घरगुती काढ्यात वेळ घालवू नये. मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच त्यावरचा पहिला उपचार असतो, म्हणून बाळाला त्याच क्षणी जवळच्या रुग्णालयात न्यावे.